झिंक जसंच्या तसं, मग पंखा कुणी खाल्ला?

प्रश्न थोडक्यात असा: मिरकरवाडा बंदरातली फायबरची ट्रॉलर, दोन हंगाम पाण्यात. शाफ्ट, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणारा दांडा, स्टेनलेसचा, पंखा 'गनमेटल'चा म्हणून घेतलेला, सुकाणू लोखंडी. मे अखेरीस बोट वर ओढली तेव्हा पंख्याच्या पात्यांच्या कडा गुलाबी पडून खडबडीत झालेल्या, सुकाणूचा खालचा आधार धरणारे लोखंडी बोल्ट झिजून निम्मे, आणि इंजिनाला समुद्राचं पाणी घेणारा पितळी व्हॉल्व्ह जरा पिळला तर तुटून हातात आला. बाकीच्या धातूंऐवजी झिजावा म्हणून तळाला लावलेला जस्ताचा ठोकळा, म्हणजेच 'झिंक', मात्र जवळपास नवा. फिटर म्हणतो, एक पुरला नाही, आणखी चार लावू. मालक विचारतात: चार लावू का? पावसाळ्यात बोट खाडीत राहिली तर जस्ताऐवजी ॲल्युमिनियमचे लावावेत का? आणि भावाची लाकडी बोट आहे, तिलाही हेच करायचं का?

चार लावू नका. पहिला ठोकळा पुरला नसता तर तो संपला असता. तो संपलाच नाही, म्हणजे त्याने काम केलंच नाही. जे एकाने केलं नाही ते पाच जण मिळूनही करणार नाहीत, कारण खोट वजनात नाही, जोडणीत आहे. बंदरात बोट वर आली की 'झिंक अजून शाबूत आहे, एक हंगाम जाईल' असं समाधानाने बोललेलं नेहमी कानावर येतं. मला ते ऐकलं की आधी पंखा बघावासा वाटतो.

आधी हिशोब समजून घ्या. खाऱ्या पाण्यात प्रत्येक धातूचा स्वतःचा एक विद्युत दाब असतो. सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी (मोजणीसाठी तो शून्य धरतात) ताडून पाहिलं तर जस्त उणे १.०३ व्होल्टच्या आसपास येतं, साधं लोखंड उणे ०.६ ते ०.७, पितळ उणे ०.३ ते ०.४, ब्राँझ उणे ०.२५ ते ०.३, आणि ३१६ जातीचं स्टेनलेस, त्याच्या पृष्ठभागावरचा राखणारा पापुद्रा शाबूत असेल तर, शून्य ते उणे ०.१. यातले कोणतेही दोन धातू एकाच पाण्यात असले आणि पाण्याबाहेरून, म्हणजे धातूला धातू टेकून किंवा तारेने, एकमेकांना जोडलेले असले की बॅटरी तयार झाली. जास्त उणे आकड्याचा धातू विरघळतो, दुसरा वाचतो. पाणी काढून टाकता येत नाही. म्हणून मार्ग दोनच: दोन धातूंमधली जोडणी तोडा, नाहीतर त्या दोघांहून जास्त उणे असा तिसरा धातू पक्का जोडून द्या, तो झिजेल. जस्त हा तो तिसरा. पण 'पक्का जोडून' हे दोन शब्द फायबरच्या बोटीत विसरले जातात. लोखंडी बार्जला तळाशी झिंक वेल्ड केलं की अख्खा सांगाडा त्याला जोडला गेला. फायबर वीज वाहूच देत नाही. तुमचा ठोकळा फायबरला दोन बोल्टने बसवलेला आहे. आतल्या बाजूला त्या बोल्टपासून इंजिनापर्यंत किंवा शाफ्टपर्यंत तार गेली नसेल, तर तो ठोकळा पंख्याच्या शेजारी बांधलेला एक दगड आहे.

समजा तार गेलेली आहे. तरी पंख्यापर्यंत वीज पोहोचते का? तार इंजिनाच्या ब्लॉकला, ब्लॉक गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स कपलिंगला, कपलिंग शाफ्टला, शाफ्ट पंख्याला. या साखळीत दोन ठिकाणी घात होतो. गिअरबॉक्समध्ये शाफ्ट फिरत असताना बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतात, त्यामुळे जोडणी कधी लागते, कधी सुटते. आणि धक्के कमी व्हावेत म्हणून रबराचं लवचीक कपलिंग बसवलेलं असेल तर तिथे साखळी साफ तुटते. अशा कपलिंगवर दोन्ही फ्लँज जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी टाकावी लागते. त्याहून चांगलं म्हणजे शाफ्टवर घासत राहणारा ब्रश, इंजिन-रूममध्ये कोरड्या जागी. सगळ्यात सरळ उपाय मात्र शाफ्टवरच बसणारं दोन अर्ध्या कड्यांचं कॉलर झिंक. ते थेट शाफ्टला आवळलं जातं, तारेचा आणि गिअरबॉक्सचा प्रश्नच येत नाही. बसवण्याआधी शाफ्टचा तेवढा भाग पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, आणि कॉलर स्टर्नच्या बुशपासून (मागच्या बाजूला शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग) थोडं दूर ठेवायचं म्हणजे बुशला पाणी मिळत राहतं.

आता मीटर काढा. साधा मल्टिमीटर चालतो. बोट वर आहे तोवर हे करून टाका. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा आणि ओहमचा आकडा लिहून ठेवा. स्वस्त मीटरवर ०.३–०.५ असं काहीतरी दिसतं, तो तारांचा स्वतःचा अडथळा. मग एक पिन जस्ताच्या ठोकळ्यावर. नुसती टेकवू नका, कानशीने जरासं घासून खाली चमकणारं जस्त दिसलं की तिथे दाबा. दुसरी पिन पंख्याच्या बॉसवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, तशीच घासून. आलेल्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करा. १ ओहमच्या आत हवं, खरं तर त्याहून बरंच कमी. मीटर उडी मारून अनंत दाखवत असेल तर तुमच्या दोन हंगामांचं उत्तर मिळालं. मग पंख्यावरची पिन तिथेच ठेवून ठोकळ्यावरची पिन एक-एक टप्पा पंख्याकडे न्या: ठोकळ्याचा बोल्ट आतून, तारेचं टोक, ब्लॉक, कपलिंगच्या अलीकडे, पलीकडे. जिथे आकडा कोसळतो तिथे बिघाड. बहुतेक वेळा तो तारेच्या टोकाला, हिरव्या पडलेल्या लगमध्ये (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीत) सापडतो. पंखा हाताने फिरवत पुन्हा मोजा; फिरताना आकडा नाचत असेल तर ब्रश किंवा कॉलर हवंच.

ठोकळा झिजत नाही त्याची आणखी दोन कारणं असतात, तीही तपासा. एक म्हणजे रंग. तळ रंगवणारा मुलगा ब्रश घेऊन निघाला की त्याला तळ आणि झिंक यात फरक वाटत नाही. रंगवलेलं झिंक बंद पडलेलं झिंक. रंगकाम सुरू होण्याआधी ठोकळ्यांवर कागद चिकटवा आणि बोट पाण्यात उतरताना तो काढायचं काम एकाच माणसाच्या अंगावर टाका.

दुसरं कारण जास्त लबाड आहे. जस्त कुठून आणलं? चांगल्या ॲनोडच्या (अशा झिजायला लावलेल्या ठोकळ्याला ॲनोड म्हणतात) जस्तात लोखंड जास्तीत जास्त ०.००५ टक्के चालतं, आणि थोडं ॲल्युमिनियम नि कॅडमियम मुद्दाम घातलेलं असतं. लोखंड याहून वाढलं की जस्तावर एक टणक कवच चढतं आणि ते झिजायचं थांबतं. गॅल्व्हनायझिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्त चढवण्याच्या, कढईच्या तळाशी साचणारा गाळ म्हणजे जस्त आणि लोखंडाचंच मिश्रण. जुने गॅल्व्हनाइज्ड पत्रे, कार्ब्युरेटरची भंगार बॉडी, हे सगळं वितळवून कुणी ठोकळे ओतत असेल तर ते दिसायला जस्तच दिसतं, वजनही जस्ताचं. स्वस्त मिळतं म्हणून लोक घेतात. विक्रेत्याकडे रासायनिक चाचणीचा कागद मागा. नसेल तर दुकान बदला. तुमच्या ठोकळ्यावर राखाडी, गुळगुळीत, नखाने न निघणारं कवच दिसतंय का ते बघा. चांगलं झिंक काम करताना खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचं, पांढरट भुसभुशीत दिसतं. कुरूप झिंक चांगलं.

पंख्याकडे वळू. 'गनमेटल' म्हणून विकला जाणारा प्रत्येक पंखा गनमेटल नसतो. खरं गनमेटल म्हणजे तांबं आणि कथिल, थोडं जस्त. साधारण ८५ टक्के तांबं आणि कथिल, जस्त, शिसं पाच-पाच टक्के असं मिश्रण आपल्याकडे नेहमी ओतलं जातं. पंख्यांसाठी मात्र फार वेळा मँगनीज ब्राँझ वापरतात. त्यात सुमारे ५८ टक्के तांबं आणि ३९ टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. म्हणजे नावाला ब्राँझ, जातीने पितळ. पितळ समुद्रात राहिलं की त्यातलं जस्त बाहेर निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. तुम्हाला दिसलेला गुलाबी रंग तोच. यासाठी दुसरा धातू जवळ असायची गरजसुद्धा नाही, पण स्टेनलेसचा लांब शाफ्ट जोडलेला असला की ही प्रक्रिया धावत सुटते.

नुकसान किती खोल गेलं ते कानशीने कळतं. कडेजवळ गुलाबी भागावर दहा-बारा वेळा दाबून घासा. खाली लगेच पिवळा धातू चमकला तर वरवरचं आहे, पॉलिश करून एखादा हंगाम काढता येईल. घासत गेलात आणि गुलाबीच निघत राहिलं, चुरा मऊ पडत राहिला, तर ते पातं आतून गेलं. हातोडीने हलकेच वाजवून बघा: धड पातं घणघणतं, गेलेलं पातं मडक्यासारखा बद्द आवाज देतं. गेलेल्या पात्यावर वेल्ड करून कडा भरून घेण्यात पैसे घालू नका, खालचा धातूच वेल्ड धरत नाही. नवा घ्याल तेव्हा झेपत असेल तर निकेल ॲल्युमिनियम ब्राँझचा घ्या. महाग पडतो, पण त्याला हा रोग जवळपास होत नाही.

तुटलेल्या व्हॉल्व्हचं निदान तर बघायलाही नको. तुटलेलं तोंड गुलाबी असणार. तो नळाच्या फिटिंगच्या दुकानातला साधा पितळी व्हॉल्व्ह होता. घरच्या टाकीला तो वर्षानुवर्षं चालतो, समुद्रात दोन हंगामांत बिस्किट होतो. यात झिंकचा दोष नाही आणि कितीही झिंक लावलं तरी भरवसा नाही. पाण्याच्या रेषेखाली पितळी फिटिंग ठेवायचंच नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही, कारण पंखा गेला तर बोट ओढत आणता येते, व्हॉल्व्ह तुटला तर इंजिन-रूममध्ये पाणी येतं. खऱ्या ब्राँझचा व्हॉल्व्ह घ्या, नाहीतर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा. नायलॉनच्या व्हॉल्व्हला हे रोगच नाहीत. फक्त त्याच्यावर पाय देऊन चढायची खलाशांची सवय मोडावी लागते. आणि चांगला ब्राँझ व्हॉल्व्ह फायबरमध्ये एकटा बसलेला असेल, त्यातून रबरी होज निघत असेल, तर त्याला कुठल्याही तारेने कुणाशीही जोडू नका. एकटा आहे तोवर त्याला कुणी खात नाही. सगळ्या फिटिंगना एकाच तारेने गुंफायची पद्धत आहे, पण बाहेरून विजेची गळती आली तर त्याच तारेने ती सगळीकडे पोहोचते. लहान बोटीत मी ती टाळतो.

सुकाणूच्या बोल्टांची गोष्ट जुनी आहे, पुष्कळ जुनी. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली 'एचएमएस अलार्म' या जहाजाच्या लाकडी तळावर किडीपासून बचाव म्हणून तांब्याचे पत्रे मारले. दोनेक वर्षांनी तपासलं तर पत्रे जागोजाग सुटलेले, कारण त्यांना धरणारे लोखंडी खिळे गळून गेले होते. काही ठिकाणी पत्रे गुंडाळून आले होते तो तपकिरी कागद खिळा आणि तांबं यांच्यामध्ये राहून गेला होता. तिथले खिळे मात्र शाबूत. जोडणी तुटली, झीज थांबली. तुमच्याकडे तेच झालंय: खालचा आधार गनमेटलचा, मोठा; त्याला धरणारे बोल्ट लोखंडी, छोटे. नुसत्या व्होल्टच्या फरकाने वेग ठरत नाही, आकारमानाने ठरतो. मोठ्या वाचणाऱ्या धातूच्या पोटात छोटा झिजणारा धातू ठेवला की सगळी झीज त्या छोट्यावर एकवटते. उलटं, लोखंडी पत्र्याला चार ब्राँझचे बोल्ट असतील तर पत्र्याला ते फारसं जाणवतही नाही. तेव्हा गनमेटलच्या आधाराला ब्राँझचेच बोल्ट लावा.

याच हिशोबातून रंगाचा एक नियम निघतो, तो ऐकायला उलटा वाटतो. शेजारी-शेजारी दोन धातूंपैकी एकालाच रंग देणार असाल तर वाचणाऱ्याला द्या, झिजणाऱ्याला नाही. लोखंडाला रंग दिला, ब्राँझ उघडं ठेवलं, आणि लोखंडावरच्या रंगाला एक ओरखडा गेला, की अख्ख्या ब्राँझची भूक त्या ओरखड्यावर तुटून पडते आणि तिथे आरपार भोक पडतं. दोघांनाही द्या, पण ब्राँझला विसरू नका. आणि लोखंडावर तांबं असलेला शेवाळरोधक रंग थेट मारू नका. खाली इपॉक्सीचे जाड थर हवेत. ॲल्युमिनियमच्या बोटीला तर तो रंग लावूच नये.

सुकाणूच्या लोखंडी पानाला तळावरचा ठोकळा काहीही मदत करत नाही, कारण पान आणि शाफ्ट एकमेकांना जोडलेले नसतात. पानालाच दोन्ही बाजूंना एकेक छोटं झिंक द्या, आत लोखंडी पट्टी ओतलेलं, ती पट्टी पानाला वेल्ड करायची. जिथे वेल्ड करता येतं तिथे बोल्ट लावू नका. बोल्टखाली गंज शिरला की जोडणी गेली.

किती जस्त, हा प्रश्न आता विचारता येईल. ढोबळ हिशोब असा: पंखा आणि शाफ्ट मिळून पाण्यातलं उघडं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा, आणि दर चौरस मीटरला २०० मिलिअँपिअर लागतील असं धरा. एकूण १०० मिलिअँपिअर. बोट वर्षातले दहा महिने पाण्यात, म्हणजे ७३०० तास, म्हणजे ७३० अँपिअर-तास. १ किलो चांगलं जस्त सुमारे ७८० अँपिअर-तास देतं. म्हणजे किलोभर पुरतं. पण झिंक अर्धं झिजलं की बदलायचं असतं, कारण त्यापुढे क्षेत्रफळ घटून जोर कमी पडतो, म्हणून २ किलो लावा. पंखा जितका फिरेल तितकी गरज वाढते, त्यामुळे हंगामाच्या मध्यात एकदा पाणबुड्याला खाली पाठवून बघून घ्या. चार ठोकळ्यांची गरज यातून कुठेच निघत नाही.

जास्त लावलं तर काय बिघडतं, असंही विचारतील. फायबरच्या बोटीत फार नाही: पैसे जातात, पंख्याच्या आसपासचा रंग सुटतो, आणि पंख्यावर शिंपले वाढतात. हे शेवटचं ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांना १८२४ साली सुरू केलेल्या प्रयोगांतून कळून चुकलं. त्यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे ठोकळे जोडले. तांबं झिजायचं खरोखर थांबलं. पण तांबं झिजत होतं म्हणूनच तर त्याच्यावर जीव बसत नव्हते! झीज थांबली तशी जहाजाच्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांची गर्दी झाली, जहाज मंदावलं, आणि नौदलाने तो नाद सोडला. तुमचा पंखा वाचला की तो जास्त घासावा लागेल, ही किंमत धरून चला.

आता गळतीबद्दल, कारण तुमच्या वर्णनात ती नसली तरी शंका काढून टाकलेली बरी. धातूधातूंमधली बॅटरी फार तर एका व्होल्टच्या आसपासची. बोटीवरची बॅटरी २४ व्होल्टची. ती पाण्यात गळली तर जे काम एरवी दोन वर्षं घेतं ते काही दिवसांत होतं. खूण अशी की एखादंच फिटिंग गेलेलं असतं, आणि गेलेली जागा स्वच्छ, चमकदार, धारदार खड्ड्यांची असते. नेहमीचा गुन्हेगार बिल्ज (बोटीच्या पोटात पाणी साचतं ती जागा) पंपाच्या तारेचा जोड: इन्सुलेशन टेप गुंडाळलेला, बिल्जच्या पाण्यात पडलेला. पॉझिटिव्ह तिथून पाण्यात उतरते, शेजारच्या व्हॉल्व्हमध्ये शिरते आणि बाहेर समुद्रात निघते; जाताना व्हॉल्व्ह घेऊन जाते. तपासायला सगळी बटणं बंद करा, बॅटरीची पॉझिटिव्ह केबल सोडा, आणि बॅटरी नि केबलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा. शून्य दिसायला हवं. काही मिलिअँपिअर दिसले तर एकेक फ्यूज काढत जा: फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, पंप, ज्या फ्यूजला आकडा शून्यावर येतो ती लाइन दोषी.

आणि वेल्डिंग. बोट धक्क्याला लागलेली असताना सुकाणूला टाका मारायचा, मशीन जेटीवर, आणि अर्थची चिमट जेटीच्या लोखंडाला. मग परतीचा प्रवाह पाण्यातून आणि तुमच्या शाफ्टमधून जातो. अर्थची चिमट ज्या तुकड्याला वेल्ड करताय त्यालाच, हातभर अंतरावर. शेजारच्या बोटीवर वेल्डिंग चाललं असेल तरी जरा बघून घ्या.

स्टेनलेसच्या शाफ्टचं काही विचारलेलं नाही, पण तोही अमर नाही. स्टेनलेसला पाण्यातला ऑक्सिजन मिळत राहिला तर त्याचा पापुद्रा टिकतो. बुशच्या आत, ग्लँडच्या (शाफ्टभोवतीने पाणी आत येऊ न देणारा भाग) पॅकिंगखाली पाणी साचून राहिलं की ऑक्सिजन संपतो आणि तिथे स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळ जाऊन खड्डे पडतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत बोट पाण्यातच उभी ठेवणार असाल तर दर दोन-चार दिवसांनी शाफ्ट हाताने काही फेरे फिरवा. ३०४ पेक्षा ३१६ बरं. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, त्यासाठी थेंब टाकून ३१६ मधलं मॉलिब्डेनम ओळखायची चाचणी मिळते. आणि ग्लँडमध्ये ग्रॅफाइट लावलेलं पॅकिंग घालू नका. ग्रॅफाइटचा आकडा अधिक ०.२ ते ०.३ व्होल्ट, म्हणजे स्टेनलेसच्याही वर. ते शाफ्टलाच खातं. दुकानदार काळं पॅकिंग चांगलं म्हणून देईल, तुम्ही टेफ्लॉनचं किंवा चरबी लावलेलं तागाचं मागा.

खाडीत ठेवायची असेल तर ॲल्युमिनियम, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पावसाळ्यात वाशिष्ठी किंवा जैतापूरच्या खाडीत वरचं पाणी जवळपास गोडं होतं. गोड्या-मचूळ पाण्यात जस्तावर कवच चढतं आणि पुन्हा खाऱ्यात गेल्यावरही ते लवकर उतरत नाही. ॲल्युमिनियमचा ॲनोड मचूळ पाण्यातही चालू राहतो, त्याचा दाब उणे १.१ व्होल्टच्या आसपास, आणि किलोमागे तो जस्ताच्या तिप्पट वीज देतो. शिवाय त्यात कॅडमियम नाही. पण हे ॲल्युमिनियम म्हणजे जस्त आणि किंचित इंडियम घातलेलं खास मिश्रण. भांड्याचं किंवा पिस्टनचं ॲल्युमिनियम ओतून चालणार नाही, त्याच्यावर स्वतःचाच पापुद्रा असतो. एकाच जोडणीवर जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही लावू नका, ॲल्युमिनियम बिचारं जस्ताला वाचवण्यात संपेल. मॅग्नेशियम कुणी देऊ केलं तर ते नदीतल्या बोटीसाठी आहे. समुद्रात ते बघता बघता संपतं आणि जाता जाता रंग उडवतं.

बोट पाण्यात सोडल्यावर पंधरा दिवसांनी एक मोजमाप घ्या, त्याला महागडा संदर्भ इलेक्ट्रोड नसला तरी चालतं. चांगल्या ॲनोडच्या जस्ताचा एक तुकडा पॉलिश पेपरने घासा, तारेला बांधून पंख्याजवळ पाण्यात सोडा. तो बोटीच्या कुठल्याही धातूला लागता कामा नये. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन या तुकड्याच्या तारेला, लाल पिन आत शाफ्टवर. संरक्षण नसलेलं ब्राँझ ०.७५ व्होल्टच्या आसपास दाखवतं. झिंक काम करत असेल तर हा आकडा किमान ०.२ ने खाली, म्हणजे ०.५५ किंवा त्याहून कमी असायला हवा. लाल पिन सुकाणूच्या दांड्यावर लावली तर लोखंडासाठी ०.२५ च्या खाली हवं. आकडे तारखेसह इंजिनाच्या वहीत लिहा. ते महिन्याकाठी वर सरकायला लागले की झिंक संपत आलंय, बोट वर न काढता कळतं.

राहिली भावाची लाकडी बोट. तिला यातलं बरंचसं लागू नाही, आणि झिंक वाढवण्याचा मोह तिथे तर महागात पडतो. वाचणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते, जवळपास कॉस्टिक सोडाच. फायबरच्या तळावरून ती समुद्रात वाहून जाते. लाकडात बोल्टभोवती ती मुरून बसते आणि लाकडाचा बांधणारा भाग विरघळवते. धातू नवा, लाकूड चोथा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात फायबरच्या बोटीला सिल्व्हर क्लोराइडशी उणे ५५० ते उणे ११०० मिलिव्होल्ट इतकी ऐसपैस मुभा आहे, लाकडी बोटीला फक्त उणे ५५० ते उणे ६००. वरच्या जस्ताच्या तुकड्याने मोजलं तर ०.४३ ते ०.४८ व्होल्ट. त्याहून आकडा खाली गेला तर जस्त जास्त झालंय, एखादा ठोकळा काढा. फिटिंग तारेने गुंफू नका. शाफ्टला एक लहान कॉलर आणि लोखंडी सुकाणूला त्याचं स्वतःचं झिंक, बस. वरून फायबरचा थर मारलेली असली तरी लाकडीच धरा, कारण बोल्टच्या भोकातून पाणी आत जातंच. ती बोट वर असेल तेव्हा पठाणाच्या (बोटीच्या तळातल्या कण्याच्या) आणि व्हॉल्व्हच्या बोल्टभोवती आतून बघा. पांढरे क्षार जमलेत आणि लाकूड कापसासारखं तंतू सोडतंय असं दिसलं तर पेचकस टोचून बघा. तो सहज आत गेला तर आधी सुताराला बोलवा आणि व्हॉल्व्हला जोडलेली तार असेल तर ती त्याच दिवशी कापा.